झाडाला विचारायचं की मातीला?

गौताळ्याच्या जंगलात साग किती पाणी पितो, हे मोजायच्या दोन वाटा आहेत.

पहिली खोडातली. फ्रान्सचे संशोधक ग्रॅनिए यांनी 1985 मध्ये मांडलेली. खोडात वर-खाली दोन बारीक सुया, त्यातली वरची सतत तापवायची. रस जोरात चढू लागला की तो उष्णता ओढून नेतो आणि दोन सुयांच्या तापमानातला फरक घटतो. ऊन चढेल तसा आकडा हलतो, बघत बसावंसं वाटतं. पण सागाचं रस वाहणारं पांढरं लाकूड पातळ. सुईचं टोक आतल्या गाभ्यात गेलं तर माप कमीच भरणार. वर बॅटरी सांभाळा, वानरं हाकला.

दुसरी मातीतली. गिरमिटाने नमुना काढायचा, तोलायचा, 105 अंशांवर 24 तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वजनातली घट म्हणजे मातीतलं पाणी; काही दिवसांनी पुन्हा मोजलं की किती कमी झालं ते कळतं. खर्च कमी. मात्र गेलेलं पाणी सागाने प्यायलं, गवताने की उन्हाने, हे ती सांगत नाही. मुरूम लागला की गिरमिट अडतं. मुळं मात्र काळ्या खडकाच्या भेगांतून खाली उतरलेली असतात.

पर्यटकांच्या वाटेवर माझा कौल मातीलाच. पायांनी दबलेल्या मातीत पाणी मुरतं का, हे तिथे आधी बघायला हवं. बिनबुडाचा पत्र्याचा डबा तिथे ठोकून तांब्याभर पाणी ओता: डबकं साचतं. दहा पावलं आत, पाचोळ्याखाली, तेच पाणी बघता बघता जिरतं. चाकोरीत तर डबाच धड ठोकला जात नाही.

आणि भर उन्हाळ्यात पानं गळालेल्या सागापाशी बॅटरी कशाला जाळायची?