कर्जातून बाहेर यायचे रस्ते: व्याजदर बघायचा, का हप्त्यांच्या तारखा?

हा प्रश्न मला हल्ली बऱ्याचदा विचारतात, कारण ओळखीतल्या लोकांना माहितीये की मी यातून गेलोय. दोन-चार देणी आहेत, पगार येतो आणि जातो, आता नेमकं काय करायचं? सगळी एकत्र करून एक मोठं लोन घ्यायचं, जास्त व्याजवालं आधी मारायचं, छोटं आधी मारायचं, का सेटलमेंट करून मोकळं व्हायचं? यातले तीन प्रकार मी स्वतः केलेत आणि चौथा अगदी जवळच्या मित्राचा जवळून बघितलाय. त्यामुळे जे लिहितोय ते अनुभवातून आहे, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

ईएमआय म्हणजे दर महिन्याचा ठरलेला हप्ता आणि मिनिमम ड्यू म्हणजे कार्डाच्या बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम, हे तुम्हाला माहितीये असं धरतो. फक्त एक आकडा सांगतो कारण तो मला फार उशिरा कळला. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३६ टक्के व्याज म्हणजे महिन्याला ३ टक्के. बाकीच्या ५ टक्के एवढा मिनिमम भरला तर त्यातले ३ व्याजात गेले आणि मुद्दल हललं फक्त २ टक्के. नवीन एकही खर्च न करता अशा गतीने बाकी निम्मी व्हायलाच जवळपास तीन वर्षं लागतात! आणि काहीच न भरता सोडलं तर दोन वर्षांत दुप्पट, दंड वेगळा. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर कार्डाच्या बिलावरच छापावं लागतं की फक्त मिनिमम भरत राहिलात तर किती वर्षं लागतील, ते मला फार योग्य वाटतं. त्याच वर्षी नील स्टुअर्ट नावाच्या संशोधकाचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की बिलावर मिनिममचा आकडा दिसला की लोक एरवी भरले असते त्यापेक्षा कमी भरतात. माझं अगदी तेच व्हायचं, तो आकडा भरला की महिन्याचं काम झालं असं वाटायचं.

आता पहिला रस्ता, सगळं एकत्र करणं. मी सुरुवात इथूनच केली होती. दोन कार्डं भरलेली, पर्सनल लोन काढलं, दोन्ही कार्डं शून्य केली आणि हप्ता एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आला. तो दिवस मला आठवतो, इतकं हलकं वाटलं होतं. पण हप्ता कमी झाला म्हणजे कर्ज स्वस्त झालं असं नसतं. हिशोब करून बघा, १०० चं कर्ज ३६ टक्क्यांनी दीड वर्षात फेडलं तर व्याज साधारण ३१ जातं. तेच १०० जर १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर व्याज जातं जवळपास ४०. दर निम्म्याहून कमी, तरी पैसे जास्त गेले, कारण मुदत लांबली. कोणी एकत्रीकरणाचं लोन द्यायला आलं की दर विचारण्याआधी मुदत विचारा आणि एकूण किती भरणार तो एकच आकडा लिहून घ्या. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर चार्ज किती, हे त्यातच आलं.

माझ्या बाबतीत खरा घोळ मात्र वेगळाच झाला. कार्डं शून्य झाली पण बंद नाही केली, इमर्जन्सीला असू देत म्हणून ठेवली. पूर्ण लिमिट परत मोकळं. दोन वर्षांत दोन्ही कार्डं परत निम्म्याच्या वर भरली आणि पर्सनल लोन होतंच. हे माझ्या एकट्याचंच झालंय असं मला वाटत नाही, कारण ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालं होतं. ज्यांना हा रस्ता घ्यायचाय त्यांना एवढंच सांगीन की लोनचे पैसे ज्या दिवशी कार्डात जातील त्याच दिवशी कार्ड बंद करायचा अर्ज टाका, निदान लिमिट तरी कमी करून घ्या. ते जमणार नसेल तर हा रस्ता चांगला असूनही धोक्याचा आहे.

सेटलमेंटबद्दल थोडक्यात. बाकीतला काही भाग भरायचा आणि उरलेलं कर्ज देणारे सोडून देतात. ऐकायला छान वाटतं, पण ही ऑफर सहसा तेव्हाच येते जेव्हा तुम्ही बरेच महिने भरलेलं नसतं, म्हणजे तोपर्यंतचे फोन आणि दंड आणि खराब झालेला क्रेडिट रेकॉर्ड हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. रेकॉर्डवर पूर्ण फेडलं असं न येता सेटल केलं असं येतं आणि ते पुढे बरीच वर्षं दिसत राहतं. काही देशांत माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून त्यावर टॅक्सही लागू शकतो, अमेरिकेत तसं आहे. आणि मधे एखादी कंपनी असेल, आम्ही तुमच्या वतीने बोलतो म्हणणारी, तर काम व्हायच्या आधी फी मागतेय का ते बघा. अमेरिकेत फोनवरून अशी सेवा विकणाऱ्यांना आगाऊ फी घ्यायला २०१० मधे बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजा. माझ्या मित्राने फोनवरच्या बोलण्यावर विश्वास ठेवून पैसे भरले, लेखी पत्र घेतलं नाही, आणि वर्षभराने उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्याच कोणाचा तरी फोन सुरू झाला. त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तो महिना त्याने कसा काढला ते मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो, आधी पत्र आणि मग पैसे.

दिवाळखोरी हा कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि ज्याचं उत्पन्न आणि देणं यांचा मेळ कितीही ताणलं तरी बसूच शकत नाही त्याच्यासाठी तो आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं माझं मत. प्रत्येक देशात नियम वेगळे. इंग्लंडमधे साधारण १२ महिन्यांत माणूस मोकळा होतो, अमेरिकेत चॅप्टर ७ या प्रकारच्या दिवाळखोरीची नोंद १० वर्षं क्रेडिट रिपोर्टवर राहू शकते, आणि मुलांची पोटगी यासारखी देणी दोन्हीकडे सुटत नाहीत. मी त्या टोकाला गेलो नव्हतो म्हणून यावर जास्त बोलत नाही, तिथे वकिलालाच विचारा.

नातेवाईकांकडून घेऊन फेडणं, हेही केलं, बहिणीकडून थोडे घेतले होते. व्याज शून्य. पण ती एकदाही बोलली नाही तरी प्रत्येक भेटीत माझ्या डोक्यात तेच असायचं. घेतलेत तर तारीख ठरवून लिहून द्या, समोरचा नको म्हणाला तरी.

आता मुख्य मुद्दा, ज्यांच्याकडे दर महिन्याला थोडेफार जास्तीचे पैसे उरतात पण देणी चार-पाच आहेत त्यांनी आधी कुठलं मारायचं. यात दोन पंथ आहेत हे तुम्हाला माहीत असेलच, अ‍ॅव्हलांश म्हणजे सगळ्यात जास्त व्याजवालं आधी आणि स्नोबॉल म्हणजे सगळ्यात छोटं आधी, बाकी सगळ्यांवर नेहमीचा हप्ता किंवा मिनिमम चालू ठेवायचा आणि एक संपलं की त्याचा हप्ता पुढच्यावर चढवायचा.

गणितात अ‍ॅव्हलांश जिंकतं, यात वादच नाही. मीही म्हणून तेच निवडलं. तेव्हा माझ्याकडे पाच देणी होती, दोन कार्डं, ते आधीचं पर्सनल लोन, फोनचा हप्ता आणि अ‍ॅपवरून घेतलेलं एक छोटं कर्ज. जास्त व्याज मोठ्या कार्डावर होतं म्हणून जे काही उरेल ते सगळं तिकडे. नऊ महिने नेटाने केलं. बाकी कमी होत होती, शीटमधे आलेख खाली जात होता, सगळं बरोबर चाललं होतं.

पण तारखा! ३, ७, १२, १८, २६. पाच देणी म्हणजे महिन्यात पाच तारखा, प्रत्येकीच्या आधी तीन मेसेज, कुठल्या खात्यातून कुठला ऑटो-डेबिट जाणार, तिथे तेवढे पैसे आहेत का, २ तारखेला सुट्टी आली तर काय, हे सगळं डोक्यात सतत चालू. नऊ महिन्यांनंतरही त्या पाचच्या पाच तारखा तशाच होत्या कारण मोठं कार्ड संपायला अजून वर्ष होतं. आणि मग एका महिन्यात मी उत्साहाने कार्डावर जास्तच भरले, १८ तारखेला त्या छोट्या कर्जाचा हप्ता गेला तेव्हा खात्यात थोडे कमी पडले, अगदी थोडे, आणि डेबिट बाउन्स झालं. बँकेने आपला चार्ज लावला, कर्ज देणाऱ्याने आपला लावला, वर लेट फी. त्या रात्री बसून हिशोब केला तर बाउन्सचा एकूण दंड हा क्रम 'बरोबर' लावून मी चार महिन्यांत वाचवलेल्या व्याजापेक्षा जास्त होता. चार महिन्यांची शिस्त एका तारखेने खाल्ली.

माझ्यासाठी निर्णय तिथे झाला. कारण मला जाणवलं की माझा त्रास व्याजाच्या टक्क्यापेक्षा देण्यांच्या संख्येचा जास्त होता. प्रत्येक उघडं देणं म्हणजे महिन्यात चुकायची एक जागा. पुढच्या महिन्यापासून जास्तीचे पैसे अ‍ॅपवाल्या कर्जावर वळवले, दोन महिन्यांत संपलं. मग फोनचा हप्ता, तीन महिने. पाच महिन्यांत पाचच्या तीन तारखा झाल्या आणि शांत झोप लागायला लागली, हे मोजता येत नाही पण खरं आहे.

दुसरी गोष्ट जी कुठल्याच कॅल्क्युलेटरमधे दिसत नाही ती म्हणजे छोटं देणं संपलं की त्याचा हप्ता सुटतो. मोठ्या कार्डावर तेवढीच रक्कम भरली तर बाकी कमी होते आणि मिनिमम जरासा घटतो, पण महिन्याचं बंधन जवळपास तेवढंच राहतं. छोटं पूर्ण मिटवलं तर त्याचा अख्खा हप्ता मोकळा होतो, आणि नोकरीत एखादा महिना पगार उशिरा झाला किंवा घरात कोणी आजारी पडलं तर तोच हप्ता तुम्हाला वाचवतो. माझा पगार एकदा बारा दिवस उशिरा झाला, तेव्हा तीनच हप्ते होते म्हणून निभावलं. पाच असते तर परत कार्ड काढलं असतं, हे मला नक्की माहितीये. म्हणून मी तर थोडी सुधारणा करून सांगतो, नुसतं छोटं बघू नका, बाकी भागिले हप्ता करून बघा, ज्याचा आकडा सगळ्यात लहान येईल ते आधी.

यावर अभ्यासही झालेत आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च' मधे २०११ साली एक पेपर आला त्यात दाखवलं होतं की लोक छोटी देणी मिटवायच्या नादात जास्त व्याजाचं कर्ज तसंच ठेवतात आणि नुकसान करून घेतात. २०१२ मधे त्याच जर्नलमधे डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांचा पेपर आला, त्यांनी कर्ज मिटवायच्या एका प्रोग्राममधल्या लोकांचा डेटा बघितला, आणि एकूण खात्यांपैकी किती बंद झाली यावरून माणूस शेवटपर्यंत टिकणार का याचा चांगला अंदाज येत होता. मला दोन्ही पटतात. पहिला पैशाबद्दल बरोबर आहे, दुसरा माणसाबद्दल.

आता प्रामाणिकपणे, अ‍ॅव्हलांश कोणी घ्यावं? ज्याची दोनच देणी आहेत त्याने, तिथे तारखांचा प्रश्नच नाही. ज्याचं मोठं कर्ज ३६ वर आणि छोटी सगळी १० च्या आसपास आहेत आणि छोटी संपायला वर्ष-दीड वर्ष लागणारे त्यानेही, कारण तिथे फरक खरंच मोठा पडतो. माझ्या केसमधे शीटवर क्रम उलटा केला तेव्हा एकूण फरक साधारण दोन महिन्यांच्या हप्त्याएवढा आला. तुम्ही पण आधी तो आकडा काढा. तीन-चार हप्त्यांच्या आत असेल तर मी तरी छोटंच आधी घेईन.

आणि कुठलाही रस्ता घ्या, एक महिन्याचा खर्च बाजूला ठेवून मगच सुरू करा, ३६ टक्क्यांचं देणं असताना पैसे बाजूला ठेवणं चुकीचं वाटतं हे मला कळतं, मलाही वाटलं होतं, पण तो बाउन्स त्या पैशांअभावीच झाला होता. संपलेल्या प्रत्येक कर्जाचं नो ड्यूज पत्र, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असं पत्र, मागून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर ते खातं बंद दिसतंय का बघा, माझं एक दिसत नव्हतं, दोनदा लिहावं लागलं.

दोन्ही कार्डं पण संपली, या वेळी दोन्ही बंद केली. ते पहिलं पर्सनल लोन अजून आठ महिने आहे. तारीख ७, बाकी सगळा महिना मोकळा.