२६ फुटी शिडाची बोट, साडेतीन महिने आणि ६४० रुपयांचा इंपेलर

१५ नोव्हेंबरला मांडव्याहून निघालो, मालवणपर्यंत जाऊन २८ फेब्रुवारीला परत मांडव्याला नांगर टाकला. बोटीवर आम्ही दोघंच. हे ६७ वर्षांचे, मी ६३. बोटीची मापं, शिडाचं क्षेत्रफळ, झोपायच्या जागा हे सगळं अशा बोटी बघणाऱ्यांना तोंडपाठ असतं, ते पुन्हा लिहीत नाही. सेकंडहँड घेतली, फायबरची आहे, तिचा तळ पाण्याखाली सव्वा मीटर खोल जातो, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. एवढं पुरे.

बोट उत्तम आहे, हे आधीच सांगते. शिडं वापरलेली असूनही धरून आहेत, सुकाणू हलकं आहे, सांध्यातून एक थेंब पाणी आलं नाही. तरीही पुढचं बरचसं लिखाण एका रबरी चकतीबद्दल आहे, कारण हिवाळ्यातला माझा निम्मा जीव तिच्यात अडकला होता.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचणारा एक छोटा पंप असतो; ते पाणी मग मागे एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. त्यात तळहातावर मावेल एवढा, सहा पात्यांचा रबरी इंपेलर फिरतो. पाणी हेच त्याचं वंगण. पाणी बंद झालं की एक-दोन मिनिटांत पाती जळून तुटायला लागतात. निघण्याआधी ऑक्टोबरात मुंबईच्या अधिकृत डीलरकडून इंजिनाची पूर्ण सर्व्हिस करून घेतली होती. बिलात स्वच्छ लिहिलं आहे: इंपेलर बदलला, ४,८५० रुपये. तास मोजायच्या मीटरवर तेव्हा १,४१२ होते. मी आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, बिलं आणि आकडे जपून ठेवायची सवय आहे. ती या वेळी उपयोगी पडली.

हर्णै, मीटर १,४३४

म्हणजे जेमतेम २२ तास झाले होते. दुपारी चारचा सुमार, खारा वारा, म्हणजे समुद्राकडचा, चांगला भरलेला, सुवर्णदुर्ग समोर दिसत होता. ट्रॉलरांच्या गर्दीतून जायचं म्हणून इंजिन लावलं. पाच मिनिटांत अलार्म वाजला. मागे वाकून पाहिलं तर एक्झॉस्टमधून पाणी पडत नव्हतं, नुसती पांढरी वाफ. यांनी लगेच इंजिन बंद केलं. मग किल्ल्याच्या आडोशाला, जिथे वायव्येकडच्या लाटा तटाला अडतात आणि पाणी एकदम निवतं, तिथे शिडावरच गेलो. पुढचं शीड उतरवलं, मोठ्या शिडावर वळून वाऱ्याला तोंड दिलं, बोट थांबताच मी नांगर सोडला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आमच्या वाटेवरचे चार किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. तो सुवर्णदुर्ग त्या दिवशी आमच्यासाठी आडोशाची भिंत झाला आणि इथे किल्ला का बांधला ते मला अंगानेच कळलं.

हे मास्क लावून खाली गेले आणि पाणी खेचायच्या भोकाला चिकटलेली दुधाची पिशवी काढून आणली. यांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, इंजिनाच्या खणात त्यांना वाकता येत नाही. तिथे मीच उतरते. व्हॉल्व्ह बंद केला, पायऱ्या काढल्या, पंपाच्या झाकणाचे सहा स्क्रू एका वाटीत ठेवले. आत सहापैकी दोन पाती गायब. उरलेली चार एकाच बाजूला वाकलेली, आणि बोटाने सरळ केली तरी पुन्हा तशीच वाकत होती.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ट्रॉलरांची इंजिनं बघणारे एक मिस्त्री भेटले. ओहोटी होती, बैलगाड्या पाण्यात घालून मासळी उतरवणं चाललं होतं. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या इंपेलर हातात घेतला, नखाने दाबला. म्हणाले, "मावशी, हा नवा नाही. नवीन रबर असा दगडासारखा नसतो. हा कितीतरी महिने एका जागी वाकून पडलेला आहे." पात्यांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या, त्याही त्यांनी दाखवल्या.

डीलरला फोन केला. उत्तर असं: पिशवी आली ती आमची जबाबदारी नाही. नवीन इंपेलर ४,८५०, माणूस पाठवायचे ९,००० अधिक प्रवास, तीन आठवडे लागतील. आणि बाहेरचा पार्ट लावलात तर यापुढे इंजिनाबद्दल आम्हाला विचारू नका. मी बिलाचा फोटो पाठवला, जुन्या इंपेलरचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही.

मग रुमालात इंपेलर बांधून एसटीने निघाले. दापोलीत मिळाला नाही, चिपळूणला पंपाच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने व्हर्नियरने बाहेरचा व्यास, जाडी, मधल्या भोकाचे दाते मोजले आणि दोन डबे उपसून त्याच मापाचा काढून दिला. ६४० रुपये. पक्कं बिल. बसवताना पाती आत सरकावीत म्हणून मी खोबरेलाची बाटली काढली होती, पण मिस्त्रींनी निघताना बजावून ठेवलं होतं की तेल लावू नका, तेलाने रबर फुगतं, साबणाचं पाणी लावा. लावलं. इंजिन सुरू केल्यावर मागून पाण्याचा पहिला फवारा पडला तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ नुसते तिकडे बघत राहिलो.

जयगड, मीटर १,४४३

पुन्हा अलार्म. दुपारची वेळ, वारा मेलेला, शास्त्रीच्या मुखात ओहोटीचा ओढ समोरून येत होता, म्हणून इंजिन जोरात चालवावं लागलं. पाणी पडत होतं, पण कमी. त्या रात्री मी वहीत जे लिहिलं ते जसंच्या तसं देते: "स्वस्तातला माल शेवटी स्वस्तातलाच. पैसे वाचवायला गेले आणि इंजिन धोक्यात घातलं. कोणीही बाहेरचा इंपेलर घेऊ नये." खरं तर हा अनुभव मी त्याच वेळी, डिसेंबरात, याच निष्कर्षावर संपवून पाठवणार होते.

रत्नागिरीला यांचा पुतण्या राहतो. त्याच्या पत्त्यावर मूळ कंपनीचा इंपेलर मागवला, ४,८५० भरून. भगवती बंदराच्या बाजूला उभं राहून तो बसवला. इंजिन हळू चालवलं की ठीक, वेग वाढवला की तापमानाचा काटा पुन्हा वर. अस्सल पार्ट घालूनही तेच! तेव्हा कुठे डोक्यात आलं की तुटलेली पाती गेली कुठे?

इथून पुढे माझं मत बदललं आहे

पंपातून निघालेली नळी हीट एक्स्चेंजरला जाते, तिथे समुद्राचं पाणी इंजिनाची उष्णता घेतं. आत पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो. झाकण काढून टॉर्च लावला तर नळ्यांच्या तोंडाशी काळे तुकडे अडकलेले. भुवया कोरायच्या चिमट्याने काढले आणि ताटलीत मांडले. तुटलेली पाती दोन, आणि तुकडे निघाले तीन. दोन तुकडे हर्णैच्या इंपेलरला नेमके जुळले. तिसरा जाड, जास्त जुना, त्यावर खाऱ्या पाण्याचं पांढरं किटण चढलेलं. म्हणजे यापूर्वीही कधीतरी पातं तुटलं होतं आणि ऑक्टोबरातल्या "पूर्ण सर्व्हिस"मध्ये हे झाकण कोणी उघडलंच नव्हतं. मीसुद्धा हर्णैला दोन पाती कमी दिसत असताना ती शोधली नाहीत, ही माझी चूक. ज्यांनी पहिल्यांदा इंपेलर तुटलेला पाहिला असेल त्यांनी तुकडे मोजून, सगळे सापडेपर्यंत इंजिन लावू नये.

मूळ कंपनीचा इंपेलर मी काढून डब्यात ठेवला आणि ६४० रुपयांचाच परत बसवला. मीटर १,४९८ ला थांबला. हा इंपेलर एकूण ६० तासांहून जास्त चालला. काल काढून पाहिला तर सहाही पाती सरळ, रबर मऊ, एक भेग नाही. वहीतलं ते वाक्य मी मागे घेते. येताना फेब्रुवारीत हर्णैला मुद्दाम थांबलो, मिस्त्रींना भेटून सगळं सांगितलं, ताटलीतले तीन तुकडे दाखवले. पैसे त्यांनी तेव्हाही घेतले नाहीत. नारळाच्या वड्या मात्र घेतल्या.

आता बाकीच्या बोटीबद्दल.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून मतलई, नऊ-दहानंतर पडतो, दुपारपासून वायव्येकडून खारा वारा, सूर्य बुडाला की तोही बसतो. मधल्या निवांत वेळातच इंजिनाचा मोह होतो. दक्षिणेला जाताना खारा वारा पाठीशी, सुख असतं. परतताना तोच नाकावर आणि फेब्रुवारीत जोरही जास्त. म्हणून येताना आम्ही पहाटे चारला नांगर उचलायचो आणि मतलईवर जेवढं जमेल तेवढं अंतर तोडायचो. त्या पहाटा मी विसरणार नाही. डेकवर दव असं साचलेलं की शीड चढवताना वरून पावसासारखे थेंब पडायचे. अंधारात बोटीच्या मागे पाण्याची रेघ निळसर पेटलेली, दोर पाण्यात बुडवला की दोरही पेटायचा. हे सुकाणूवर, मी चहा करून द्यायचे, आणि तासतासभर कोणी बोलायचं नाही. ४० वर्षांच्या संसारात आम्हाला एकमेकांबरोबर एवढा मोकळा वेळ कधी मिळाला नव्हता.

सर्वांत चांगलं बंदर विजयदुर्ग. वाघोटन खाडी खोल आणि चारी बाजूंनी आडोसा, पाच दिवस राहिलो. दाभोळला मात्र बाऱ्यावर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, वाळू आहे, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय सव्वा मीटर घेऊन शिरू नये, आणि शिरलात तर भरती चढत असतानाच. मुंबईकडे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं, मालवणला जेमतेम त्याच्या निम्मं. नांगराचा दोर किती सोडायचा याचा अंदाज दर मुक्कामी नव्याने करावा लागला.

मालवणला आत शिरताना माझा जीव कानात गोळा झाला होता. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ मध्ये उभा राहिला, त्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडपंच खडपं, म्हणजे खडक, आहेत, आणि तिथे इंजिन बंद पडून चालत नाही. एक्झॉस्टमधून पाणी येत असलं की आवाज ओला असतो, घोटघोट केल्यासारखा. पाणी थांबलं की तो कोरडा, घोगरा होतो. हा फरक मला आता झोपेतही कळतो. आम्ही नांगर टाकायला लागलो तेवढ्यात शेजारच्या होडीतून एक जण ओरडला, "काकी, हयसर नांगर घालू नकात, खाली खडप आसा!" आणि स्वतः पुढे होऊन वाळूची जागा दाखवली.

खर्च: डिझेल १३१ लिटर, इंजिन ८६ तास. मुक्कामाचा खर्च नगण्य. फ्रीज नाही, बर्फ विकत घेतला, त्याचे पैसे डिझेलपेक्षा थोडेच कमी झाले. पुढच्या वर्षी बर्फ घेणार नाही, ताजी मासळी दारात मिळते. सौर पॅनेल एक पुरतं. व्हीएचएफ रेडिओ चालू ठेवायचा आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

डीलरचं शेवटचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं: पुढच्या सर्व्हिसमध्ये ५०० रुपये सूट. मी नको म्हणून कळवलं. मला माझे ऑक्टोबरचे ४,८५० हवेत, आणि बिलात लिहिलेला पार्ट खरोखर घातला नव्हता हे लेखी हवं आहे. तीन तुकडे, बिल आणि मीटरचे फोटो मी जपून ठेवले आहेत, आता ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. मोटरसायकलच्या गॅरेजमध्येसुद्धा आपण काढलेला जुना पार्ट मागून घेतो. बोटीच्या सर्व्हिसला तो मागायचं मला सुचलं नाही. तुम्ही मागा.

पावसाळ्यात बोट बाहेर काढली आहे. इंपेलर तसाच पंपात ठेवला तर पाती पुन्हा एका बाजूला वाकून बसतील, म्हणून काल तो काढला, गोड्या पाण्यात धुतला, पुसून वाणसामानाच्या एका जुन्या डब्यात ठेवला. दुसरा, ४,८५० चा, त्याच्या शेजारी. पंपाच्या झाकणावर खडूने लिहिलं, आत इंपेलर नाही. आणि इंजिनाची किल्ली त्याच डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं.