विल्सन इव्होल्यूशन आणि विल्सन जीएसटी : हायस्कूलच्या दोन हंगामांसाठी दोन चेंडू

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर फुटबॉल, म्हणजे हातात धरून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल, आणि त्याच्या पाठोपाठ मार्चपर्यंत बास्केटबॉल. मेरीलँड, फ्लोरिडासारख्या राज्यांत शाळांचा कारभारच काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) चालतो, त्यामुळे हंगामातले बरेचसे सामने काउंटीतल्याच शाळांशी होतात. घरी सरावासाठी चेंडू घ्यायचा तर पालकांपुढे बहुधा दोन नावं येतात : बास्केटबॉलसाठी विल्सन इव्होल्यूशन आणि फुटबॉलसाठी विल्सन जीएसटी. दोन्ही चेंडू उत्तम आहेत, पण ते निवडायची रीत मात्र एकदम वेगळी आहे.

कारण नियमातच आहे. हायस्कूल फुटबॉलमध्ये चढाई करणारा संघ आपल्या पसंतीचा चेंडू वापरतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू यजमान शाळा देते आणि पाहुण्यांना त्यावरच खेळावं लागतं. म्हणून फुटबॉल घ्यायचा तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या हाताकडे बघून, आणि बास्केटबॉल घ्यायचा तो काउंटीतल्या बाकीच्या शाळा कोणता वापरतात हे कोचला विचारून. उत्तर इव्होल्यूशन असं येण्याची शक्यता बरीच आहे. वेगळं आलं तर तोच घ्या, इव्होल्यूशन कितीही आवडत असला तरी.

इव्होल्यूशनचं बाहेरचं आवरण मायक्रोफायबर कंपोझिटचं आहे आणि त्याखाली स्पंजी रबराचा थर आहे. त्यामुळे तो हाताला मऊ लागतो. काळ्या रेघांच्या खाचाही कंपोझिटच्याच असल्यामुळे बोट खाचेवर पडलं तरी घसरत नाही, आणि शॉट सोडताना हे लगेच जाणवतं. नव्या कोऱ्या चेंडूलाही पकड चांगली असते. या मऊपणाची दुसरी बाजू अशी की रोज यावरच सराव करणाऱ्याला पाहुणा म्हणून एखाद्या कडक चेंडूवर खेळायला लागलं, तर सामन्याचा पहिला क्वार्टर, म्हणजे पहिला चतुर्थांश, हात बसवण्यातच जातो.

हा चेंडू फक्त जिममधल्या लाकडी कोर्टासाठी आहे. घरासमोरच्या काँक्रीटवर मायक्रोफायबर झपाट्याने घासतो, पकडीसाठी वर उठवलेले बारीक दाणे सपाट होतात आणि चेंडू गुळगुळीत पडतो. ड्राइव्हवेसाठी रबरी चेंडू वेगळा ठेवा. जिममध्येही धूळ बसली की पकड जाते. ओल्या फडक्याने, लागलाच तर किंचित सौम्य साबणाने पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. पाण्यात बुडवायचा नाही.

माप घेताना फार घोळ होतात. मुलांच्या चेंडूचा घेर 29.5 ते 30 इंच आणि वजन 20 ते 22 औंस, मुलींच्या चेंडूचा घेर 28.5 ते 29 इंच आणि वजन 18 ते 20 औंस. खोक्याबाहेर काढून ठेवलेल्या दोन चेंडूंत हा इंचभराचा फरक डोळ्यांना कळत नाही. चेंडूवर छापलेलं माप वाचा, आणि शेजारीच एनएफएचएस (हायस्कूल खेळांचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना) हा शिक्का आहे ना तेही बघा. तो नसेल तर शाळेच्या सामन्यात चेंडू चालत नाही.

हवा योग्य आहे का, हे टप्प्यावरून ठरतं. चेंडूचा तळ जमिनीपासून 6 फुटांवर येईल असा धरून सोडायचा. उसळी घेतल्यावर त्याचा माथा 49 ते 54 इंचांच्या दरम्यान यायला हवा. सोडताना तळ मोजायचा आणि उसळीला माथा. इथेच गफलत होते. उसळीलाही तळच मोजला, तर चेंडूच्या व्यासाएवढा, म्हणजे साडेनऊ इंचांच्या आसपास फरक पडतो आणि माणूस हवा भरतच राहतो. हवा जास्त झालेला चेंडू रिंगवरून लांब उडतो, आणि तसाच राहिला तर कुठेतरी फुगवटा धरतो. तो फुगवटा मग जात नाही.

जीएसटीची गोष्ट वेगळी. हा खऱ्या चामड्याचा, पूर्ण मापाचा चेंडू आहे. नववीपासून हेच माप लागतं, त्यामुळे आठवीपर्यंत लहान चेंडूवर खेळलेल्या मुलाला सुरुवातीला तो हातात मावत नाहीसा वाटतो. दाणे ठसठशीत आहेत आणि लेसवर, म्हणजे शिवणीवरच्या दोरीवर, बोटं नीट बसतात. तरी कोरा जीएसटी निसरडा असतो आणि त्यावरून त्याला वाईट ठरवणं अन्यायाचं आहे. त्याला तयार करावं लागतं.

आधी त्यात पूर्ण हवा भरा म्हणजे चामडं ताणलं जाऊन दाणे उघडतात. ओलसर फडक्याने पुसून घोड्याच्या केसांच्या कडक ब्रशने चारही पाकळ्या घासा. मग फुटबॉलसाठीच मिळणाऱ्या कंडिशनरचा पातळ हात द्या. पांढरे पट्टे, लेस आणि शिक्का वगळायचा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा घासा, चामडं गडद होऊन हाताला चिकट ओढ लागेपर्यंत. दोन-तीनदा हेच करून पुढे रोजच्या सरावात वापरला की चेंडू तयार. घाईने भरपूर कंडिशनर चोपडलं तर चामडं जड आणि लिबलिबीत होतं. चिकट थर वर तसाच राहिला तर रेफरी चेंडू नाकारू शकतो, आणि तिथे त्याचाच शब्द शेवटचा. म्हणून हे काम ऑगस्टमध्येच उरका, पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री नको.

फुटबॉलमध्ये हवेचा दाब 12.5 ते 13.5 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) लागतो. घरात 70 अंश फॅरनहाइटला 13 पीएसआय भरलेला चेंडू 40 अंशांच्या मैदानावर गार झाला की साधारण 11.4 वर येतो. चेंडू गळका नसतो, आतली हवा थंडीने आकसलेली असते. ऑक्टोबरनंतर चेंडू आधी बाहेर गार होऊ द्या, मगच गेज लावा. दर वेळी सुई ओली करून घाला. कोरडी सुई वॉल्व्ह फाडते, आणि मग चेंडू खरोखरच गळू लागतो.

पाऊस हे जीएसटीचं खरं दुखणं. चामडं पाणी पितं, चेंडू जड होतो आणि पास आखूड पडतो. पावसाळी सामन्यात एकाच चेंडूवर भागत नाही. तीन तयार चेंडू आणि कोरडे टॉवेल बाजूला हवेत, म्हणजे एक चाल संपून दुसरी सुरू होण्याआधी ओला बाहेर, कोरडा आत असं चालू ठेवता येतं. सामन्यानंतर चिखल ब्रशने काढून चेंडू खोलीतल्या हवेवर वाळवा. हीटरजवळ ठेवलात तर चामडं कडक होऊन तडकतं. पुरता वाळल्यावर कंडिशनरचा एक पातळ हात द्या आणि पुन्हा ब्रश फिरवा.