नायट्रिक ऑक्साइड वाढवायचं: बीट, पावडर की औषध?

रक्तदाब थोडा वर गेला किंवा व्यायाम करताना लवकर दम लागायला लागला, की कुणीतरी 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी' पावडर सुचवतं. ती घ्यायची की नाही, हे डब्यावरच्या दाव्यांवरून ठरवू नका. तो पदार्थ शरीरात कोणत्या वाटेने जातो, ते आधी पाहा.

रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो. तेवढ्यात तो शेजारच्या स्नायूपेशींत शिरतो, तिथे सीजीएमपी हा रेणू वाढवतो, स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. या शोधांसाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

मग थेट आर्जिनिनच खाल्लं तर? तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडं आणि यकृतच मोडून टाकतात. शिवाय निरोगी माणसाच्या पेशींत ते सहसा कमी नसतंच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर त्याच्यापासून लांबच राहावं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा रुग्णांना प्रमाणित उपचारांच्या जोडीला आर्जिनिन दिलं होतं. फायदा काही दिसला नाही. उलट आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. संख्या लहान आहे, तरी मला ती पुरेशी वाटते.

सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल त्यापेक्षा बरं. ते यकृताच्या तावडीतून सुटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. त्यामुळे रक्तातलं आर्जिनिन याने जास्त वाढतं. पण म्हणून नायट्रिक ऑक्साइडही तितकंच वाढेल असं नाही, आणि व्यायामातले निष्कर्ष संमिश्र आहेत.

बीट, पालक यांसारख्या भाज्यांतल्या नायट्रेटची वाट अगदी निराळी आहे आणि मला तीच सगळ्यात आवडते. नायट्रेट रक्तात शोषलं गेलं की लाळग्रंथी ते लाळेत गोळा करतात. जिभेवरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळल्यावर जठरातल्या आम्लात आणि पुढे रक्तात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. बीटचा रस प्यायल्यावर परिणाम साधारण दोन-तीन तासांनी दिसतो. वरचा रक्तदाब काही अंकांनी उतरतो, फार नाही. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो, कारण मधली पायरी सांभाळणारे जीवाणूच मरतात. भाजी उकळून पाणी फेकलं तर बरंच नायट्रेट त्या पाण्यासोबत जातं. कसलेल्या खेळाडूंना लाभ कमी होतो, नवख्यांना जास्त. किडनी स्टोन होण्याची प्रवृत्ती असेल तर मात्र बीट-पालक डॉक्टरांना विचारूनच, कारण दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं.

म्हणून रक्तदाब किंचित वाढलेल्या, एरवी धडधाकट माणसाने भाज्यांपासून सुरुवात करावी. पावडरच हवी असेल तर सिट्रुलिन. आर्जिनिनवर पैसे घालवू नयेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर यातल्या कशाच्याही भरवशावर ती बंद करू नये.

औषधं या रांगेत बसतच नाहीत. अंजायनात, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं तेव्हा, जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि मिनिटांत काम करते. फुफ्फुसांच्या धमन्यांतला दाब उतरत नाही अशा नवजात बाळांना हाच वायू मोजून-मापून श्वासातून देतात. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, सीजीएमपी मोडण्यापासून वाचवतं. म्हणूनच नायट्रोग्लिसरीन आणि सिल्डेनाफिल एकत्र घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेलात, तर सिल्डेनाफिल शेवटचं कधी घेतलं हे संकोच न करता आधी सांगा.