चालीत पाठ करावं की नुसतं घोकावं?

गणपतीच्या आरतीत आमच्या घरी वर्षानुवर्षं एक जण ‘फणिवरबंधना’च्या जागी ‘फळीवर वंदना’ म्हणायचा. तो एक जण म्हणजे मी. ताल चुकला नाही, सूर हलला नाही, टाळ्याही वेळेवर पडल्या. फक्त देवाच्या पोटाला बांधलेला नाग जाऊन तिथे फळी आली. मुलाला एखादी गोष्ट चालीत पाठ करायला लावावी की नुसती म्हणून, असं कुणी विचारलं की मला ही फळी आठवते.

चाल बरोबर आणि शब्द चूक, हे मुळात जमतं कसं? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वाक्यं, दहा चाली. प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत, वाद्यांशिवाय गाऊन घेतलं. शंभर गाणी झाली. मग ध्वनिमुद्रण दोन तऱ्हांनी बिघडवलं. आवाजात क्षणाक्षणाला होणारे बारीक बदल पुसले, तर शब्द कळेनात, चाल मात्र ओळखू यायची. स्वरांच्या उंचीचा तपशील पुसला, तर उलट: शब्द स्पष्ट, चाल गायब. शब्दांचा माग मेंदूच्या डाव्या बाजूच्या श्रवणभागात लागला, चालीचा उजव्या. गाणं कानात एकच शिरतं, आत त्याची दोन कामं होतात. एक काम चोख झालं म्हणजे दुसरंही झालं, असं नाही.

आता चालीची बाजू. तिची खरी ताकद क्रम धरून ठेवण्यात आहे. पुढचा शब्द आठवत नसला तरी तो किती अक्षरांचा आणि कुठे जोर येणारा, हे चाल आधीच सांगते. चुकीच्या मापाचा शब्द त्या जागेत बसतच नाही. (माझी फळी बसली, कारण ती मापाची होती!) पण इथे एक अट आहे. संशोधक वँडा वॉलेस यांच्या 1994 च्या प्रयोगांत एकाच चालीची तीन कडवी ऐकलेल्यांना शब्द जास्त आठवले. एकच कडवं ऐकवलं तेव्हा मात्र नुसतं बोललेलंच बरं लक्षात राहिलं. नवी चाल शिकणं हेही ओझंच असतं, ते पुन्हापुन्हा वापरल्यावर फिटतं. मनाचे श्लोक पाहा: 205 श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात, ओळीला बारा अक्षरं. चाल एकदा बसली की 205 वेळा कामी येते. याउलट प्रत्येक ओळीला वेगळी वळणं घेणारी चाल चार ओळींच्या कवितेला लावणं हा तोट्याचा सौदा.

परक्या भाषेतली छोटी वाक्यंही चालीत बरी बसतात. एडिंबरोतल्या एका अभ्यासात 60 प्रौढांना हंगेरियन वाक्यं शिकवली. ऐकून गाणाऱ्यांना ती नुसती किंवा ठेक्यात म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली म्हणता आली.

नुसत्या पाठांतराकडे वळलं की पारडं फिरतं. सात आठे किती, असं अचानक विचारलं तर चालीत पाढे शिकलेलं मूल मनात ‘सात एके सात’पासून निघतं. चाल म्हणजे पॅसेंजर गाडी, मधल्या स्टेशनावर थेट उतरवत नाही. सूत्रं, व्याख्या, सनावळ्या अशा कुठूनही विचारल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणूनच उलटसुलट विचारून, लिहून पक्क्या कराव्यात. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तर चालीत अजिबात नको. एक शब्द अडला की मूल पुन्हा पहिल्या वाक्यावर जातं, आणि पाठ केल्याचा तो हेल परीक्षकांना लगेच कळतो.

माझा कौल असा: स्तोत्र, श्लोक, पाढ्यांची पहिली ओळख, लांब यादी चालीत, बाकी साधं. पाढे चालीत आले की महिन्याभरात चाल सोडवायची. आणि श्लोक चालीत बसवण्याआधी एकदा सावकाश, बिनचालीचा, पदं फोडून वाचून घ्यायचा. आमच्याकडे हे कुणी केलं नाही, म्हणून नागाची फळी झाली.

राहिला प्रश्न पाठ करताना मागे गाणी लावण्याचा. शब्द असलेली गाणी नकोत. सालामे आणि बॅडली या संशोधकांनी 1989 मध्ये दाखवलं की आकड्यांचा क्रम लक्षात ठेवताना गायन वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतं. ऐकू आलेले शब्द आणि मनात घोळवलेले शब्द एकाच दारात गर्दी करतात. बासरी किंवा सतार त्यातल्या त्यात चालेल; मी तेही बंद करतो.