गुब्बिओ की बेव्हान्या? उंब्रियातले दोन उत्सव आणि दोन पंगती

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस झालं की दोन-तीन दिवस एखाद्या लहान गावाच्या उत्सवासाठी ठेवावेत, असा विचार करणाऱ्यांना उंब्रिया प्रांतातली दोन नावं हमखास सुचवली जातात. पहिलं गुब्बिओ. तिथे दरवर्षी १५ मे रोजी ‘फेस्ता देई चेरी’ असते. दुसरं बेव्हान्या. तिथे जूनच्या उत्तरार्धात सुमारे दहा दिवस ‘मेर्कातो देल्ले गाइते’ भरतो. फोटो पाहिले तर दोन्हीकडे सारखंच दिसतं: दगडी गल्ल्या, झेंडे, जुने पोशाख, गर्दी. पण गुब्बिओचे लोक तो दिवस स्वतःसाठी साजरा करतात आणि पाहुणा कडेला उभा राहतो. बेव्हान्याचं गाव मात्र पाहुण्याला आत बोलावून, बसवून, समजावून सांगतं. निवड करताना आधी एवढं मनात पक्कं करा.

गुब्बिओचा उत्सव आहे संत उबाल्दोचा. हे तिथले बिशप, ११६० मध्ये वारले. त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी तीन प्रचंड लाकडी खांब, म्हणजे ‘चेरो’, खांद्यावर घेऊन गावभर आणि मग डोंगरावर धावत नेतात. प्रत्येक चेरो चार-पाच मीटर उंच, वजन तीनशे किलोंच्या आसपास. टोकावर संताची छोटी मूर्ती: गवंड्यांचे उबाल्दो, व्यापाऱ्यांचे जॉर्जो, शेतकऱ्यांचे अंतोनियो. पहिल्याच्या खांदेकऱ्यांचे सदरे पिवळे, दुसऱ्याच्या निळे, तिसऱ्याच्या काळे. पँट सगळ्यांची पांढरी, गळ्यात लाल रुमाल.

दिवसातला खरा क्षण दुपारी बाराच्या सुमारास येतो. पलाझ्झो देई कोन्सोली या जुन्या राजवाड्यासारख्या इमारतीसमोरच्या चौकात चेरो आडवे ठेवलेले असतात. प्रत्येक चेरोचा म्होरक्या, ‘कापोदिएची’, हातातल्या मातीच्या रंगीत सुरईतलं पाणी चेरो घट्ट बसवणाऱ्या खुंटीवर ओततो आणि सुरई गर्दीत उंच भिरकावून देतो. त्याच झटक्यात चेरो उभा होतो. सुरई फुटते आणि तिची खापरं मिळवण्यासाठी लोक एकमेकांवर पडतात, कारण ते खापर घरात असणं शुभ मानतात. संध्याकाळी सहाला धाव सुरू होते. ही शर्यत आहे, पण कुणी कुणाला मागे टाकत नाही. पुढे कायम उबाल्दो, मग जॉर्जो, मग अंतोनियो. चेरो पडू न देणं, डोलू न देणं, मधलं अंतर वाढू न देणं यातच अब्रू. धावता धावता खांदेकरी बदलतात, आणि शेवटी इंजिनो डोंगराची खडी चढण चढून संताच्या बासिलिकापर्यंत, म्हणजे मोठ्या चर्चपर्यंत, जातात. मुंगी घाटातून शिंगणापूरची कावड चढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चढणीवरची घालमेल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

इथे पाहुण्याने एक गोष्ट मान्य करूनच जायचं. तुम्हाला बसायला खुर्ची नाही, मधे थांबवून कुणी काही सांगणार नाही, आणि तुम्ही वाट अडवलीत तर हाताला धरून बाजूला करतील. चौकात सकाळपासून जागा धरावी लागते. गर्दीचा दाब खरोखर अंगावर येतो. लहान मूल कडेवर असेल किंवा आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील, तर १५ मे टाळा, हे मी अगदी स्पष्ट सांगेन. अशांसाठी त्याच गावात २ जूनला लहान मुलांचे छोटे चेरो धावतात. रीत तीच, पोशाख तेच, आणि श्वास घ्यायला जागा.

गुब्बिओचं खाणं या दिवसाशी घट्ट बांधलेलं आहे. संताच्या सणाची आदली तिथी म्हणजे मांस वर्ज्य, म्हणून मासे. पण उंब्रियाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे पूर्वी इथवर पोचायचा तो खारवून वाळवलेला कॉड, ‘बाक्काला’. तो भिजवून, मीठ उतरवून शिजवतात. ‘बाक्काला अल्ला चेरायोला’ हे नावच चेरो वाहणाऱ्यांवरून पडलेलं. त्यांची दुपारची मोठी पंगत ‘ताव्होला बोना’ हीदेखील माशांचीच. शाकाहारी माणसाला त्या दिवशी खरा आधार ‘क्रेशा’चा. तापलेल्या जाड तव्यावर, म्हणजे ‘तेस्तो’वर, भाजलेली ही जाडसर भाकरी असते. चिरून आत परतलेली पालेभाजी भरून मिळते. मात्र पिठात डुकराची चरबी आहे का, ते विचारून घ्या. एरवीच्या दिवसांत ‘इम्ब्रेच्चाता’ नावाचं कडधान्यांचं दाट सूप मागून बघा. ते मात्र मला या गावातलं सगळ्यात प्रामाणिक जेवण वाटतं.

आता बेव्हान्या. पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, रोमन काळातल्या फ्लामिनिया रस्त्यावरचं. गावाचे चार विभाग, म्हणजे चार ‘गाइता’: सान जॉर्जो, सान जोव्हान्नी, सान पिएत्रो, सांता मारिया. १२५० ते १३५० हे शतक कसं जगलं जात होतं, ते पुन्हा उभं करण्याची त्यांच्यात चढाओढ असते. हस्तव्यवसाय, बाजार, स्वयंपाक आणि तिरंदाजी अशा चार स्पर्धा होतात, त्यांतून जिंकणाऱ्या विभागाला मानाचा झेंडा मिळतो. परीक्षकांत अभ्यासक असतात आणि चूक खपवून घेत नाहीत. कागद कसा होतो ते इथे डोळ्यांसमोर घडतं: चिंध्या कुटून लगदा, लगद्यातून जाळीची चौकट बुडवून वर काढणं, पाणी निथळलं की ओला कागद लोकरीच्या कापडावर पालथा घालणं, वाळल्यावर प्राण्यांच्या सरसाचा हात, म्हणजे शाई फुटत नाही. मेणबत्त्या, रेशमाचं सूत, नाणी पाडणं हेही चालू असतं. प्रश्न विचारा, काम करणारा माणूस हात न थांबवता उत्तर देतो. शाळकरी मुलांना न्यायचं असेल तर माझं मत डोळे मिटून बेव्हान्याला.

आणि खाण्याची आवड असेल तरीही. संध्याकाळी प्रत्येक गाइता आपली खाणावळ उघडते. स्वयंपाकाच्या स्पर्धेचा कडक नियम असा, की पदार्थ त्या काळाला धरून हवा. म्हणजे टोमॅटो नाही, बटाटा नाही, मका नाही, मिरची नाही, कारण हे सगळं अमेरिकेतून आलं, तेही १४९२ नंतर. इटालियन जेवण म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं अर्धं इथे गळून पडतं. उरतं ते आपल्याला अनोळखी नाही: चणे, मसूर, ‘फावा’ नावाचं कडधान्य, ‘फार्रो’ नावाचा जुना गहू, आणि चवळी. हो, युरोपातल्या त्या काळच्या शेंगा म्हणजे चवळीच. राजम्याची जात नंतरची. मसाल्यात मिरी, आलं, दालचिनी, लवंग, केशर. मिरी तर आपल्याच मलबार किनाऱ्यावरून अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला उतरायची. त्या काळी चर्चच्या उपवासाला मांसच नव्हे, दूध-अंडीही चालत नसत, म्हणून बदामाचं दूध वापरणारे बरेच पदार्थ घडले. शाकाहारी पाहुण्याचं नशीब त्या उपवासांमुळे उघडतं. तरी मागवताना ‘सेन्झा कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो’ म्हणजे मांस नको, डुकराची चरबी नको, एवढं म्हणायला विसरू नका. शेजारच्या मोंतेफाल्कोची साग्रांतिनो वाइन तुरट आणि भारी आहे, रिकाम्या पोटी नको.

बेव्हान्यात उणीव एकच वाटते. तिथली सगळी मेहनत अस्सल आहे, पण अंगावर काटा येत नाही. गुब्बिओत बाराच्या ठोक्याला जे घडतं ते कुठल्याही अभ्यासातून पुन्हा घडवता येत नाही. त्यामुळे एकटे किंवा धडधाकट मित्रांसोबत जाणार असाल आणि आयुष्यात एकदाच उंब्रियाला जाणं होणार असेल, तर मी गुब्बिओच म्हणेन. कुटुंब, ज्येष्ठ मंडळी, शाकाहारी घर, दोन-तीन संध्याकाळी निवांत घालवायची इच्छा, यातलं काहीही असेल तर बेव्हान्या.

पोचण्याची सोय बेव्हान्याची बरी. रोम–अंकोना रेल्वेमार्गावर फोलिन्यो उतरायचं, तिथून गाव दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. गुब्बिओसाठी त्याच मार्गावरचं स्टेशन फोस्सातो दी व्हिको, पुढे बस. उत्सवाच्या दिवशी गावात गाडी नेण्याचा विचार सोडा. मुक्कामाच्या खोल्या १५ मेच्या आसपास फार आधी भरतात, तेव्हा व्हिसाच्या तारखेआधी खोली पक्की करा. बेव्हान्यासाठी फोलिन्योत राहिलं तरी चालतं. जूनमध्ये तिथेही ‘क्विंताना’ नावाची घोडेस्वारांची स्पर्धा असते, तारखा जुळल्या तर तीही पदरात पडेल.