मशीनवर चिकटवलेली टिपणं: आठ महिन्यांनंतर

कामातल्या अडचणी मराठीत लिहून मी मशीनवर लावतो, त्याचा आधी खर्च सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. ए-फोर कागद, बेळगावात शनिवार खुटाजवळ करून घेतलेलं लॅमिनेशन, दुहेरी चिकटपट्टी आणि एकदा सगळेच्या सगळे वाया गेलेले स्टिकर, असं धरून आठ महिन्यांत साडेतीन हजारांच्या आत भागलं. वेळ किती गेला ते घरच्यांना विचारा.

उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), दोन जुन्या लेथ आणि बारा माणसं. कास्टिंग जवळच्याच फाउंड्रीतून येतं. पंपाचे आणि हायड्रॉलिकचे भाग करतो. गेल्या ऑक्टोबरपासून मी कामातली एकेक अडचण एकेका पानावर मराठीत लिहायला लागलो. पान त्या मशीनवर लावायचं, कोपऱ्यात क्यूआर कोड, आणि तेच पान पीडीएफ करून उद्यमबाग, मच्छे आणि हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीतल्या ओळखीच्या चाळीसेक शॉपवाल्यांना फोनवर पाठवायचं. आजवर ३१ पानं झाली. त्यांतली ११ रोजच्या वापरात आहेत. बाकीची २० मी लिहिली म्हणून आहेत.

पहिल्या पानाला मी शीर्षक दिलं होतं ‘कर्तनवेग आणि परिभ्रमणसंख्या’. शाळेत मराठीत पहिला येणाऱ्याची हौस, दुसरं काय. दुसऱ्या पाळीचा पोरगा पान वाचून मला म्हणाला, “शेठ, हे कुणाचं निमंत्रण आहे?” तेव्हापासून ‘कटिंग स्पीड’ तो कटिंग स्पीड, ‘आरपीएम’ (मिनिटाला फेरे) तो आरपीएम. शॉपमध्ये जो शब्द ओरडून सांगितला जातो तोच कागदावर. त्या पानावर आता दोनच ओळी आहेत: हजार गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. खाली उदाहरण, १५० मिमी व्यास, मिनिटाला १२० मीटर, म्हणजे आरपीएम साधारण २५५. सूत्र कुणी वाचत नाही. उदाहरणावर बोट ठेवून आपला व्यास त्यात घालतात आणि काम होतं.

लिहायचं कसं, तर मी बोलून लिहितो. फोनच्या कीबोर्डवर माइकचं बटण दाबायचं आणि मराठीत बोलायचं. साध्या वाक्यांना हे इतकं बरं चालतं की सुरुवातीला मला आपण लेखकच झालो असं वाटलं. मग आले शॉपचे शब्द. ‘चक’ म्हटलं की ‘चाक’, ‘टॅप’ म्हटलं की ‘टेप’, आणि ‘बोअर डायल’चं (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) एकदा ‘बोर डाळ’ झालं. आकडे तर बोलून टाकूच नका. ‘पॉइंट झीरो टू’चं ‘पॉइंट झिरो तू’ झालं तर निदान डोळ्यांना दिसतं, पण ०.०२ चं ०.२ झालं तर वाचताना सुटतं आणि जॉब, म्हणजे करायला घेतलेला भाग, भंगारात जातो. आता नियम एकच, वाक्यं बोलून आणि आकडे हाताने. मशीन चालू असताना बोलायचं नाही हे वेगळं सांगायला नको. मी मात्र ते शिकायला पंधरा दिवस घेतले.

जुनं काही लिहिलेलं असेल तर एक सूचना. आमच्याकडे वडिलांच्या वेळची काही पानं संगणकावर होती, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अक्षरांचं नुसतं कडबोळं. फोनवर तर विचारूच नका. दोन रविवार घालवून ती पुन्हा टाइप केली. मराठी लिहायचं तर युनिकोडमध्येच लिहा, मग शिनोळीत उघडा की हुबळीत, सारखंच दिसतं.

क्यूआर कोडबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पैसे तिथेच गेले. हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत (तिचा तो विभाग म्हणजे आताची डेन्सो वेव्ह) मोटारींच्या भागांचा माग ठेवायला बनवला गेला. म्हणजे आपल्याच धंद्यातलं पोर आहे ते, पुढे चहाच्या टपरीवर गेलं. त्यात चुका भरून काढायच्या चार पातळ्या असतात. सगळ्यात वरची, म्हणजे एच, घेतली तर कोडाचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी वाचता येतो. आमच्या एका लेथवरच्या कोडावर ग्रीसचा अंगठा उमटलाय, खालचा कोपरा चिपमुळे, म्हणजे उडालेल्या धातूच्या किसामुळे, खरवडलाय, तरी फोन तो पटकन धरतो. कोड बनवताना एवढी एक गोष्ट तपासा.

चूक कुठे केली, तर पहिले कोड मी एका फुकट सेवेवर बनवले. छान रंगीत होते. पंधरवडा झाला आणि एका सकाळी सगळे मेले. स्कॅन केलं की ‘योजना घ्या, पैसे भरा’ असं पान उघडायचं. कोडात माझ्या पानाचा पत्ता नव्हताच, त्यांचा पत्ता होता, आणि तिथून ते पुढे पाठवत होते. छापलेले चोवीस स्टिकर कचऱ्यात. कोड साधा घ्यायचा, ज्यात पत्ता थेट बसलेला असतो. तो कुणाला बंद करता येत नाही.

मग मी विचार केला, पत्ता नकोच, मजकूरच कोडात घालू, इंटरनेट नसलं तरी वाचता येईल. इथे मराठीचा अडथळा आला. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीतलं अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळे तीन-तीन. सगळ्यात मोठा कोड, एच पातळीवर, १,२७३ बाइट घेतो. म्हणजे काना-मात्रा मोजून सव्वाचारशेच्या आत. एवढा दाट कोड तेलकट स्टिकरवर छापला की फोन डोळे मिचकावत बसतो. सोडून दिला तो नाद. तातडीच्या चार ओळी कागदावर मोठ्या अक्षरांत, बाकीचं कोडामागे.

सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं पान चार ओळींचंच आहे. कूलंटचं, म्हणजे धातू कापताना सोडायच्या तेल-पाण्याचं. टाकीत आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेल. उलटं केलं, तेलात पाणी ओतलं, तर दह्यासारखे गोळे होतात आणि ते नीट मिसळत नाहीत. दुसरी गोष्ट, रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटमध्ये तेल किती ते बघायचं साधन) जो आकडा दिसतो तो टक्का नसतो. त्याला तेलाच्या माहितीपत्रकातल्या गुणकाने गुणायचं. रीडिंग ४, गुणक १.५, तर कूलंट ६ टक्के. आमच्याकडे कित्येक वर्षं रीडिंगलाच टक्का समजून तेल जास्त पडत होतं. हे मी स्वतः लिहायला बसेपर्यंत माझ्याही डोक्यात नव्हतं, कारण माहितीपत्रक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

त्या पानाखाली आमच्या गोकाकच्या ऑपरेटरने स्केचपेनने लिहिलं: ‘नीरु मोदलु, आमेले एण्णे’. पाणी आधी, नंतर तेल. त्याने कन्नड लिपीतही लिहून दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बारातले पाच जण माझी पानं फक्त चित्रं बघून समजून घेत होते, आणि मी आपला मराठीत छान लिहितोय म्हणून खूश. आता प्रत्येक पानाखाली तीन बोटं जागा कोरी सोडतो. सीमाभागात राहून हे आधी सुचायला हवं होतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, कारखान्यात दोन्ही आणि वर हिंदी, हे काय मला नवीन आहे?

आता ज्या पानामुळे हे सगळं मी चालू ठेवलं ते सांगतो.

अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ८० एच-सेव्हन. म्हणजे ८०.००० ते ८०.०३० मिमी, मोजून तीस मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) मुभा. ऑपरेटरने मशीनवरून काढल्या काढल्या बोअर डायल लावला, ८०.०१८. मस्त. अठ्ठेचाळीस नग पेटीत. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्शनमध्ये सगळे लहान. परत आल्यावर आमच्याच डायलने मोजले, तर ७९.९९०. ऑपरेटर शपथ घेऊन सांगतोय की त्याने बरोबर मोजलं होतं, आणि तो खरंच बरोबर होता. जॉब तेव्हा ४० अंशांवर होता, सेटिंग रिंग (डायल ज्यावर लावून घेतात ते ठरल्या मापाचं पोलादी कडं) २५ अंशांवर. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिमीला १५ अंशांचे झाले साडेसत्तावीस. तीस मायक्रॉनच्या मुभेतले जवळजवळ अठ्ठावीस नुसत्या उबेने खाल्ले.

मी पान लिहिलं. जॉब थंड होऊ द्या, रिंग आणि जॉब एकाच टेबलावर तासभर ठेवा, दोन्ही एका तापमानाला आले की माप खरं. चाळीस जणांना पाठवलं, अंगठे आले, मी झोपलो.

सकाळी शिनोळीहून फोन. तिथले एक काका कित्येक वर्षं स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाची खोली, सांभाळतात. “लिहिलंस बरं, खरं अर्धंच लिहिलंस गा.” मी म्हटलं, काय चुकलं? ते म्हणाले, “रिंग पोलादाची, जॉब अ‍ॅल्युमिनियमचा. दोन्ही २५ वर आले म्हणून काय झालं? गिऱ्हाईक मोजणार २० वर. तुझा जॉब आकसणार नऊ मायक्रॉन, रिंग आकसणार साडेचार. मधले साडेचार कुणाच्या खिशातून देणार?” माप २० अंशांवर धरायचं हा आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा नियम मला ठाऊक होता. तो अशा ठिकाणी येऊन चावतो हे ठाऊक नव्हतं. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जॉबला माझं पान चालतं, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखं फुगतं. अ‍ॅल्युमिनियमला बोअर मुभेच्या मध्यावर, जमलं तर थोडा वरच, धरायचा. पान दुरुस्त केलं, खाली ‘दुरुस्ती: शिनोळी’ असं लिहिलं. नाव घालू का विचारलं तर म्हणाले, “नको, आमचे शेठ म्हणतील कामाच्या वेळात फोनवर असतोय.”

ही दुरुस्ती मला कुठल्या पुस्तकात मिळालीच नसती असं नाही. पण पुस्तक उघडण्याचं कारणच मला दिसत नव्हतं, कारण मला वाटत होतं मला समजलंय. पाठवलं म्हणून चूक सापडली. त्यानंतर मी प्रत्येक आकडा पाठवण्याआधी पुन्हा मोजतो. लाजेपोटी म्हणा हवं तर.

एक ठेच मात्र वाईट लागली. तुटलेल्या इन्सर्टचा (कापणाऱ्या टोकाचा) फोटो पाठवला आणि मागे टेबलावर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग पसरलेलं, नंबरासकट. दुपारपर्यंत तो फोटो फिरत फिरत त्याच गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यात पोचला. बोलावणं आलं. गोपनीयतेच्या करारावर माझीच सही होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. काम सुटलं नाही, पण तीन महिने नवीन ऑर्डरही आली नाही. आता फोटोसाठी भिंतीजवळ निळा पत्रा उभा केलाय. जे काय दाखवायचं ते त्याच्यासमोर. ड्रॉइंगचं माप जसंच्या तसं कधीच लिहीत नाही, स्वतःचं उदाहरण बनवतो. वरच्या पानावरही आता ८० नाही, दुसराच व्यास आहे. ८० हा बाजारात सगळ्यांचाच असतो म्हणून इथे सांगितला.

‘आपलं गुपित दुसऱ्याला कशाला’ हे पहिल्या महिन्यात पुष्कळांनी ऐकवलं. मलाही भीती होती. फिक्श्चरची (जॉब पकडून ठेवायच्या साच्याची) माझी एक युक्ती आहे, ती मी अजून लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही. त्यावर आमचं घर चालतं. पण कूलंटमध्ये आधी पाणी घालायचं यात गुपित कसलं? तेवढी रेघ ज्याची त्याने मारावी.

कुणी घ्यावं हे, तर ज्यांच्याकडे माणसं बदलतात त्यांनी. नवीन पोराला पहिले आठ दिवस शिकवणं निम्म्यावर आलंय. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या माणसांकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. आमचे मेस्त्री एकही पान वाचत नाहीत. त्यांच्या लेथवर लावलेलं आरपीएमचं पान त्यांनी उलटं करून त्यावर हप्त्यांचा हिशेब मांडलाय.

बत्तिसावं पान गंजाचं आहे आणि ते मला दोनदा फाडावं लागलं. बेळगावचा जून म्हणजे रात्रीत मशीन केलेल्या बिडावर सकाळी तांबूस छटा. पहिल्यांदा मी दोष कूलंटच्या पातळ होण्यावर टाकला, दुसऱ्यांदा बोअरवेलच्या जड पाण्यावर. दोन्ही वेळा मेस्त्री ऐकून नुसते हसले. गेल्या शनिवारी बघितलं तर त्यांनी घासलेल्या बिडाच्या तीन तुकड्यांवर खडूने आकडे घातलेत. एक शटरजवळ, एक कूलंटच्या टाकीवर, एक पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळून. “काय करायलाय मेस्त्री?” म्हटलं, तर म्हणाले, “तुमचं पान लिहायलोय.” सोमवारी उघडणार आहेत.